खांद्यामागे खळगा पडला आहे, पण दुखत नाही: नस नेमकी कुठे दबली असावी?

प्रश्न: चार नंबर

नमस्कार. माझे वय २९ असून महाविद्यालयात असल्यापासून मी व्हॉलीबॉल खेळतो. सध्या नोकरी सांभाळून जिल्हा पातळीवरच्या स्पर्धा खेळणे चालू आहे. काही महिन्यांपूर्वी जर्सी बदलताना संघातल्या एका सहकाऱ्याच्या लक्षात आले की माझ्या उजव्या खवाट्यावर, आडव्या हाडाच्या खालच्या बाजूला, मांस बसल्यासारखे दिसते. डाव्या बाजूला तसे काही नाही. मला दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, हात पूर्ण वर जातो आणि स्मॅशही पूर्वीइतकाच जोरात बसतो. सलग दोन सामने झाले की खांदा लवकर थकतो, एवढेच जाणवते.

अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय करायला लावला. अहवालात तीन गोष्टी आहेत: इन्फ्रास्पायनेटस हा स्नायू क्षीण झाला असून त्यात थोडी चरबी दिसते, स्पायनोग्लेनॉइड खाचेत सुमारे २ सेंटिमीटरची द्रवाने भरलेली गाठ आहे, आणि लॅब्रमला, म्हणजे खांद्याच्या खोबणीच्या काठावरच्या कडीला, मागच्या व वरच्या भागात चीर आहे. सुप्रास्पायनेटस मात्र व्यवस्थित असल्याचे लिहिले आहे. डॉक्टरांनी ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नसेतल्या विद्युत संदेशांची तपासणी, करून यायला सांगितले असून त्यानंतर शस्त्रक्रियेचा विचार करू, असे ते म्हणाले. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यामुळे अधिक विचारता आले नाही.

नस दबली असेल तर ती दुखत कशी नाही, आणि एकाच नसेवर चालणाऱ्या दोन स्नायूंपैकी एकच कसा सुकतो, हे मला समजून घ्यायचे आहे. दुखत नसल्यामुळे हंगाम संपेपर्यंत थांबले तर चालेल का, हाही प्रश्न आहे. व्यायामशाळेतले प्रशिक्षक रोज हात छातीवरून आडवा ओढून ताण द्यायला आणि खळग्याच्या जागी मालिश करून घ्यायला सांगतात. त्याबद्दलही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर १: शरीररचना शिकवणारी

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते त्या नसेच्या वाटेत दडलेले आहे, म्हणून आधी ती वाट नीट पाहू.

खवाटा, म्हणजेच स्कॅप्युला, हे साधारण दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर पाठीमागून विसावलेले चपटे, त्रिकोणी हाड आहे. बरगड्यांशी त्याचा खरा सांधा नसतो. धडाच्या सांगाड्याशी ते केवळ हासळीच्या हाडामार्फत जोडलेले असते आणि बाकीचा सगळा आधार त्याला चिकटलेल्या सतरा स्नायूंचा असतो. या मोकळेपणामुळेच आपला हात इतका फिरतो. हात डोक्यावर पूर्ण नेताना जे सुमारे १८० अंश होतात, त्यांपैकी ढोबळमानाने १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश स्कॅप्युलाच्या सरकण्या-फिरण्यातून मिळतात. मात्र हाड इतके हलते याचा अर्थ असा, की त्याच्या कडेला बिलगून जाणारी नसही प्रत्येक वेळी थोडी ताणली जाते आणि थोडी घासली जाते.

स्कॅप्युलाच्या मागच्या पृष्ठभागावर एक आडवी धार असते. ती बोटांनी सहज चाचपता येते. बाहेरच्या बाजूला तीच पुढे जाऊन खांद्याचे टोक, म्हणजे अ‍ॅक्रोमियन, बनते. धारेच्या वरच्या लहान पोकळीत सुप्रास्पायनेटस आणि खालच्या मोठ्या पोकळीत इन्फ्रास्पायनेटस हा स्नायू असतो. दोघांनाही चालना देणारी नस एकच, सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह. मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या मज्जामुळांपासून तयार होणाऱ्या, ब्रेकियल प्लेक्सस या हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या वरच्या खोडातून ती निघते, ट्रॅपेझियस स्नायूखालून मागे येते आणि स्कॅप्युलाच्या वरच्या कडेवरच्या एका खाचेत शिरते. या खाचेच्या तोंडावर एक आखूड, ताठ अस्थिबंध आडवा ताणलेला असतो. नस त्याच्या खालून जाते आणि तिच्या सोबतची रोहिणी बहुधा वरून जाते. ही पहिली अडचणीची जागा.

खाचेतून बाहेर आल्यावर नस सुप्रास्पायनेटसला शाखा देते. खांद्याच्या सांध्याकडे आणि हासळी व अ‍ॅक्रोमियन यांच्यातील लहान सांध्याकडे संवेदना वाहणाऱ्या शाखाही बहुतांशी याच टप्प्यावर वेगळ्या होतात. त्यानंतर ती आडव्या धारेच्या बाहेरच्या टोकाला तीव्र वळसा घालून खालच्या पोकळीत उतरते. हा वळसा ज्या खाचेत आहे तीच आपल्या अहवालातली स्पायनोग्लेनॉइड खाच. तिथे पोहोचेपर्यंत नसेकडे मुख्यतः एकच काम उरलेले असते, ते म्हणजे इन्फ्रास्पायनेटसला चालना देणे.

आता आपली स्थिती यावर ताडून पाहा. दाब पहिल्या खाचेत असता तर दोन्ही स्नायू सुकले असते आणि खांद्याच्या वर-मागे खोलवर ठणका लागला असता. दाब दुसऱ्या खाचेत असल्यामुळे सुप्रास्पायनेटस वाचला आणि वेदना वाहणाऱ्या बहुतेक शाखाही दाबाच्या आधीच निघून गेलेल्या असल्यामुळे आपल्याला काही कळले नाही. या नसेची त्वचेला जाणारी शाखा बहुतेकांमध्ये नसतेच, त्यामुळे मुंग्या किंवा बधिरपणाही येत नाही. उलट कुणाला अशा खळग्याबरोबर बोटांपर्यंत मुंग्या येत असतील, तर मान किंवा ब्रेकियल प्लेक्सस यांच्याकडे आधी पाहावे लागते.

पहिली खाच प्रत्येकाची सारखी नसते, हे जाता जाता सांगते, कारण विच्छेदनाच्या टेबलावर ते पाहताना दर वर्षी विद्यार्थी थबकतात. न्यूरोसर्जन सेट्टी रेंगाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या खाचेचे सहा प्रकार मांडले. एका टोकाला खाच जवळजवळ नसलेले हाड, तर दुसऱ्या टोकाला अस्थिबंधाचेच हाड होऊन खाचेचे पूर्ण बंद छिद्र झालेले. अरुंद छिद्रातून नस जात असेल, तर खांद्याच्या प्रत्येक टोकाच्या हालचालीत ती त्याच्या काठावर दाबली जाण्याची शक्यता वाढते. आपल्या बाबतीत हा मुद्दा गौण आहे.

उत्तर २: फिजिओ, नाशिक

वरच्या उत्तरात रचना स्पष्ट झाली आहे. मी खेळाच्या बाजूने लिहितो, कारण आपला आजार व्हॉलीबॉलपटूंच्या खांद्यात चांगलाच परिचित आहे. इटलीच्या फेरेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अव्वल दर्जाच्या ९६ व्हॉलीबॉलपटूंची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील १२ जणांचा सर्व्हिस करणाऱ्या हाताचा इन्फ्रास्पायनेटस निकामी झालेला होता, आणि त्यांना त्याचा काहीच त्रास जाणवत नव्हता. त्या खेळाडूंमध्ये गाठ हे मुख्य कारण मानले गेले नव्हते. संशय होता तो फ्लोट सर्व्हिसवर.

फ्लोट सर्व्हिसमध्ये चेंडूला फिरकी मिळू नये म्हणून आपण हात चेंडूवर आदळताच तिथल्या तिथे थांबवतो. पुढे झेपावणाऱ्या हाताला अशा रीतीने अडवण्याचे काम मागच्या बाजूच्या स्नायूंवर, त्यातही इन्फ्रास्पायनेटसवर पडते. लांबत असतानाच त्याला जोराने आकुंचन पावावे लागते आणि त्या क्षणी नस धारेच्या टोकाशी असलेल्या वळशावर ताणली जाते. हंगामात असे शेकडो वेळा होते. स्मॅशमध्ये हात पुढे वाहत जातो, तरीही शेवटी त्याला आवरावे लागतेच, त्यामुळे स्मॅशही अगदी निर्दोष नाही.

स्मॅशचा जोर कमी का झाला नाही, याचे उत्तर सोपे आहे. चेंडू मारताना हात आत फिरवणारे आणि पुढे आणणारे स्नायू काम करतात, ते आपले शाबूत आहेत. इन्फ्रास्पायनेटसचे काम हात बाहेर फिरवण्याचे आणि दंडाच्या हाडाचे डोके उथळ खोबणीत मध्यावर धरून ठेवण्याचे. त्यातला काही वाटा टेरेस मायनर आणि डेल्टॉइडचा मागचा भाग उचलतो. या दोघांना अ‍ॅक्सिलरी ही वेगळी नस चालवते, त्यामुळे उणीव झाकली जाते. ती उघडी पाडायची असेल तर दोन्ही कोपरे कमरेला टेकवून काटकोनात वाकवा आणि समोरच्या व्यक्तीने मनगटांवर बाहेरून धरलेला दाब एकाच वेळी दोन्ही हातांनी बाहेर ढकला. उजवा हात आधी हार मानेल असा माझा अंदाज आहे.

आता प्रशिक्षकांच्या सल्ल्याविषयी. हात छातीवरून आडवा ओढण्याचा ताण एरवी खेळाडूंना उपयोगी असतो, परंतु आपल्याला तो सध्या करू नये असे मी म्हणेन. स्पायनोग्लेनॉइड खाचेवरही एक अस्थिबंध असतो आणि त्याचे तंतू सांध्याच्या मागच्या आवरणात मिसळलेले असतात. हात छातीसमोर आडवा आणून आत फिरवला की तो अस्थिबंध ताणला जातो आणि खालच्या नसेला उरलेली जागा आणखी कमी होते. जिथे आधीच २ सेंटिमीटरची गाठ बसली आहे तिथे हा ताण रोज देण्यात काही अर्थ नाही. मालिशने नुकसान होईलच असे नाही, पण ज्या स्नायूला नसेकडून संदेशच मिळत नाही तो बाहेरून चोळल्याने भरत नाही.

करण्यासारखे आहे ते स्कॅप्युलाला स्थिर धरणाऱ्या स्नायूंचे, म्हणजे सेरेटस अँटिरियर आणि ट्रॅपेझियसच्या खालच्या भागाचे, बळ वाढवणे. तेही तपासून देणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावे. निदान पूर्ण होईपर्यंत फ्लोट सर्व्हिस आणि स्मॅश दोन्ही बंद ठेवावेत. संघाला आपली फारच गरज असेल तर लिबेरो, म्हणजे केवळ बचावासाठीचा खेळाडू, म्हणून उतरा. लिबेरोला सर्व्हिस करता येत नाही आणि नेटच्या वरून आक्रमणही करता येत नाही, हा नियम आपल्या खांद्याच्या पथ्यावरच पडेल. चार नंबरवरून, म्हणजे नेटजवळच्या डाव्या बाजूच्या स्मॅशच्या जागेवरून, खेळणाऱ्याला हा सल्ला रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

उत्तर ३: सॅकवाली

मी डॉक्टर नाही, पण याच नसेच्या वरच्या खाचेतला दाब मी अनुभवला आहे, म्हणून फरक कळावा यासाठी लिहिते. सह्याद्रीत मोहिमा नेताना मी बरीच वर्षे जड सॅक वाहिली. माझा त्रास आपल्यापेक्षा अगदी उलट होता: डाव्या खांद्याच्या वर आणि मागे सतत खोल दुखायचे, त्या कुशीवर झोपता येत नसे आणि हात बाजूने वर उचलताना पहिल्याच टप्प्यात दम निघायचा. दिसायला मात्र बराच काळ काही नव्हते, कारण वरचा स्नायू ट्रॅपेझियसखाली झाकलेला असतो आणि त्याचा खळगा चटकन नजरेत भरत नाही. मानेचे आणि मग गोठलेल्या खांद्याचे उपचार झाले, त्यांनी फरक पडला नाही. शेवटी ईएमजीत दोन्ही स्नायूंकडे जाणारे संदेश मंदावल्याचे दिसले, आणि वरच्या खाचेवरचा अस्थिबंध दुर्बिणीतून कापण्यात आला. दुखणे लवकर ओसरले, ताकद हळूहळू आली, खळगा मात्र थोडा राहिला तो राहिलाच.

सॅकच्या पट्ट्यांनीच हे झाले का, याची खात्री कुणी दिली नाही. जड ओझ्याच्या पट्ट्यांमुळे खांद्याभोवतीच्या नसा दबू शकतात, एवढे मला सांगण्यात आले. माझ्यासोबतच्या एका मुलाला वेगळेच झाले होते. भिंतीवर तळवे टेकवून ढकलले की त्याच्या उजव्या खवाट्याची आतली कड पंखासारखी बाहेर यायची. तो याच आजाराचा प्रकार आहे का, हे इथल्या जाणकारांनी सांगावे.

उत्तर ४: खांदा शल्यचिकित्सक

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. भिंतीवर ढकलताना खवाटा मागे उचलला जाणे हे सेरेटस अँटिरियर दुबळा झाल्याचे लक्षण आहे. त्याची नस लाँग थोरॅसिक. ती पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मज्जामुळांपासून निघून छातीच्या बाजूने खाली जाते. तो वेगळा आजार आहे. सुप्रास्कॅप्युलर नस दबल्यामुळे खवाट्याला असा पंख फुटत नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी: प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निर्णय देता येणार नाही, परंतु आपला अहवाल आणि लक्षणे एकमेकांशी नीट जुळतात. खोबणीच्या काठाभोवती लॅब्रम नावाची कुर्चेसारखी कडी असते. तिला चीर पडली की सांध्यातला द्रव त्या चिरेतून बाहेर झिरपतो, पण परत आत येत नाही. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हमधून हवा जशी एकाच दिशेने जाते, तसाच हा प्रकार. बाहेर साठलेल्या द्रवाची गाठ होते आणि मागच्या बाजूला ती नेमकी स्पायनोग्लेनॉइड खाचेत फुगते, कारण मोकळी जागा तिथेच आहे. ती जागा नसेचीही आहे.

ईएमजी जरूर करा. तिचा उपयोग केवळ नस दबल्याची पावती मिळवण्यापुरता नाही. मानेतले पाचवे किंवा सहावे मज्जामूळ दबले असते तर डेल्टॉइड आणि बायसेप्समध्येही बदल दिसले असते. ते स्वच्छ निघाले की मानेवरचा संशय मिटतो. शिवाय स्नायूत नव्याने तंतू पोहोचू लागले आहेत का, हेही तिच्यातून कळते. इजा ताजी असेल तर सुमारे ३ आठवडे उलटेपर्यंत ही तपासणी फसवी ठरू शकते, पण आपल्याला तो प्रश्न नाही. आणखी एका आजाराचे नाव घेतो, कारण तो वारंवार निसटतो. एके रात्री अचानक खांद्यात असह्य वेदना सुरू होऊन काही दिवसांनी ती ओसरली आणि मग स्नायू सुकू लागला, असा इतिहास असेल तर ते दाबाचे नव्हे, नसेच्या दाहाचे लक्षण असते. पार्सोनेज आणि टर्नर यांनी १९४८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले होते. तसे काही घडले असेल तर आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगा.

थांबावे की नाही, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गाठ नसती आणि दोष केवळ अतिवापराचा असता, तर हात डोक्यावर नेऊन करायचा खेळ थांबवून काही महिने व्यायामावर ठेवणे हाच पहिला मार्ग होता. तिथे घाईची शस्त्रक्रिया मला पटत नाही. आपल्याकडे मात्र जागा अडवून बसलेली गाठ आहे आणि स्नायूत चरबी दिसू लागली आहे. दाब हटल्यावर नसेचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतात आणि या खाचेपासून स्नायूपर्यंतचे अंतर काही सेंटिमीटरच असते, ही आपली जमेची बाजू. पण चरबीने घेतलेली जागा स्नायू सहसा परत मिळवत नाही. वेदना नाही म्हणून हंगाम काढणे म्हणजे नेमका तोच वेळ खर्च करणे. ईएमजीसाठी आणि विचारासाठी काही आठवडे गेले तर बिघडत नाही, मात्र त्या आठवड्यांत सर्व्हिस नको.

चार नंबर

सर्वांचे आभार. कोपरे कमरेला टेकवून केलेली चाचणी घरी करून पाहिली, उजवा हात खरोखरच टिकला नाही. अचानक तीव्र वेदना कधीच झाली नव्हती. ईएमजीचा अहवाल आला असून इन्फ्रास्पायनेटसमध्ये नसेच्या इजेची चिन्हे आणि सोबत नव्याने तंतू जोडले जात असल्याची थोडी चिन्हे आहेत. सुप्रास्पायनेटस, डेल्टॉइड आणि बायसेप्स सामान्य आहेत. शस्त्रक्रिया टाळून ही गाठ सोनोग्राफीखाली सुईने रिकामी करून घेता येईल का?

उत्तर: खांदा शल्यचिकित्सक

सुईने द्रव काढता येतो आणि नसेवरचा ताण त्याने लगेच हलका होऊ शकतो. पण चीर तशीच राहते, त्यामुळे गाठ पुन्हा भरण्याचे प्रमाण बरेच आहे. काही गाठी आपोआपही जिरतात. सुई घालण्यापूर्वी एका गोष्टीची खातरजमा करून घ्यावी: या खाचेतून नसेबरोबर शिराही जातात आणि त्या फुगल्या असतील तर एमआरआयमध्ये गाठीसारख्या भासू शकतात. डॉपलर सोनोग्राफीने रक्तप्रवाह आहे की नाही हे पाहता येते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लॅब्रम शिवले जाते आणि गरजेनुसार गाठही मोकळी केली जाते. केवळ चीर बुजवली तरी द्रवाचा मार्ग बंद होऊन गाठ जिरते असा अनुभव आहे, म्हणून काही सर्जन गाठीला स्वतंत्रपणे हात लावत नाहीत. आपले डॉक्टर यांतले काय करणार आहेत आणि का, हे त्यांना विचारा. शिवणीनंतर साधारण ४ ते ६ आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो आणि डोक्यावरून हात चालवण्याचा खेळ सुरू व्हायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, हे धरूनच नोकरीतल्या रजेचे ठरवा.

नव्याने तंतू जोडले जात असल्याची चिन्हे आहेत, ही चांगली बातमी आहे. तिच्या आधारे कुणी दोन-तीन महिने खेळ पूर्ण थांबवून पुन्हा एमआरआय आणि ईएमजी करू असे सुचवले, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. त्या मुदतीत गाठ लहान झाली आणि ताकद वाढली तर सुई आणि दुर्बीण दोन्ही टळतील, गाठ तेवढीच राहिली तर मात्र पुढे ढकलू नका.

उत्तर: फिजिओ, नाशिक

थांबून पाहण्याचे ठरले तर दर पंधरवड्याला बाहेर ढकलण्याची ताकद दोन्ही बाजूंनी हातात धरायच्या डायनॅमोमीटरवर मोजून घ्या. खळगा भरला की नाही हे आरशात पाहून ठरवू नका, कारण ताकद आधी येते आणि आकार मागून येतो, कधी कधी पूर्ण येतही नाही.